पाण्यातला घोडा

सोयाबीन कापून शेतात ढिगांनी पडलं होतं आणि मांडूच्या बाजूने रोज दुपारी आभाळ भरून यायचं. पडायचं नाही, नुसतं धमकावून जायचं. कृष्णराव सारखा बाहेर येऊन वर बघायचा, आत जायचा, आणि पाणी पिऊन पुन्हा बाहेर यायचा. कृष्णराव माझ्या चुलतभावाचा मुलगा. माझे यजमान देवासला शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर तिथलं बिऱ्हाड आवरून मी माहेरच्या गावी, कृष्णरावकडे आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याची बायको माधवी, मुलगा पियुष, मुलगी ऋतिका आणि मी, असं आमचं घर. जमीन बेताची. कापणीला मजूर मिळाले नाहीत म्हणून या चौघांनीच सगळं रान कापलं होतं. चौघांच्याही पोटऱ्या सोयाबीनच्या खुंटांनी ओरखडल्या होत्या आणि माधवीला तर वाकल्यावर सरळ व्हायला भिंत लागायची. मी घरात बसून शेंगा निवडायची, कारण आता तेवढंच जमतं.

त्याच दिवसांत चिऱ्यांचा प्रश्न निघाला.

आमचं गाव नालछ्यापासून थोडं आत आहे. मांडूचा रस्ता जिथून फुटतो तिथे आमच्या कुळाच्या चिऱ्यांची ओळ होती. आमच्यातले जे लढाईत पडले त्यांचे हे उभे दगड. प्रत्येकावर एक घोडेस्वार कोरलेला. वर्षानुवर्षं शेंदूर चढून काहींचे नाकडोळे बुजून गेलेले. रस्ता रुंद व्हायचा होता, म्हणून भाऊबंदांनी गावाच्या तोंडाशी सिमेंटचा नवा ओटा बांधला. पितृपक्षातल्या घायाळ चतुर्दशीला, म्हणजे शस्त्राने गेलेल्यांचा जो दिवस असतो त्या दिवशी, सगळे दगड तिथे बसवायचं ठरलं होतं. ओट्यात त्यांच्यासाठी खाचा ठेवल्या होत्या. एकदा सगळं पक्कं झालं की पुढे कुणासाठी ओटा फोडणार नव्हते.

मी कृष्णरावला म्हटलं, एक खाच आणखी मागून घे. माझ्या वडिलांसाठी.

तो विळ्याला धार लावत होता. त्याने हात थांबवला, विळा उलटा करून पाहिला आणि पुन्हा धार लावू लागला. नाही म्हणाला नाही. पण तो काय विचार करतोय हे मला कळत होतं.

माझ्या वडिलांचं नाव गणोजी. मी त्यांना पाहिलेलं नाही. दोन वर्षं पीक बुडालं म्हणून ते महूहून आगगाडीत बसून मुंबईला गेले. गोदीत ओझी उचलली, आणि पुढे महायुद्ध पेटल्यावर बोटीवर माणसं कमी पडू लागली तेव्हा मालाच्या बोटीवर लागले. काम भट्टीचं. बोटीच्या पोटात उभं राहून पाळीपाळीने आगीत कोळसा टाकायचा. मधे एकदा घरी येऊन गेले. त्यानंतर माझा जन्म झाला, आणि मी रांगत असताना ती बोट बुडाली.

हे सगळं आम्हाला लढाई संपल्यावर कळलं. दाऊद नावाचा एक कोकणातला माणूस आमचं गाव विचारत विचारत आला होता. त्या वेळी मी चार-पाच वर्षांची असेन. त्याचा एक हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजून आकसलेला होता, आणि त्या हाताकडे बघत मी आईच्या पदराआड उभी होते, एवढं मला स्वच्छ आठवतं. तो बाहेर घोंगडीवर बसला आणि हळूहळू सांगत गेला. गणोजी आणि तो एकाच भट्टीवर होते. दाऊदची पाळी संपली, तो वर येऊन कपडे धूत होता, आणि गणोजी नुकते खाली उतरले होते. तेवढ्यात पाण्याखालून बार झाला. भट्टीच्या बाजूनेच पाणी शिरलं. खालचं कुणी वर आलं नाही. बोटीवर लढायला काही होतं का, असं आजोबांनी विचारलं. दाऊद म्हणाला, आमच्याकडे फावडी होती. मग आईने दाराआडून विचारलं, बोटीत भरलं काय होतं. तो म्हणाला, गहू.

माझ्या आईला समुद्र कधी कळला नाही, पण गहू कळला. पुढे कित्येक वर्षं खळ्यावर रास पडली की ती एक मूठ बाजूला काढून ओढ्यात सोडायची.

चतुर्दशीला घरोघरच्या बायका चिऱ्यांना तेल घेऊन जायच्या, तशी आईही जायची. दुसऱ्यांच्या माणसांवर तेल घालून परत यायची. तिने चिरा कधी मागितला नाही. तो घरच्या पुरुषांनी आपणहून उभा करायचा असतो, आणि आमच्या घरच्यांनी तो विषय काढला नाही. बोटीवर कोळसा टाकणारा म्हणून भाऊबंदांत वडिलांचं नाव जरा खालच्या आवाजातच निघायचं. शाळेत मला पोरं कोळसेवाल्याची पोर म्हणायची.

कृष्णरावला एकट्याला धाडायला नको म्हणून मीही त्याच्याबरोबर उदाजीरावांकडे गेले. उदाजीराव आमच्या भाऊबंदांतले वडीलधारे, मला तीन-चार वर्षांनी धाकटे. ओसरीवर ते आणि आणखी पाचसहाजण बसले होते. कृष्णरावने विषय काढला, पण इतका घोळवून की त्याला काय हवंय ते कुणाला कळेना. शेवटी मीच सांगितलं.

उदाजीरावांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "अक्का, तू दिलेल्या घरची. तरी तू मागतेस म्हणून उत्तर देतो. हे सगळे हत्यार घेऊन पडले. काका पगारावर होते."

मी म्हटलं, "हे काय फुकट लढले? तुझ्या दारातली जमीन कशाबद्दल मिळाली आहे, उदाजी?"

एकदोघे हसले. ते उदाजीरावांना आवडलं नाही.

"लढले तरी," ते म्हणाले.

मी म्हटलं, "समोरून हत्यार आलं आणि माझे वडील फावडं घेऊन कामावर उभे राहिले. मला यात कमी काही दिसत नाही."

"बरं. मग फावडेवाल्याला घोड्यावर कोण बसवणार?"

आता सगळेच हसले. कृष्णराव खाली फरशीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. उदाजीरावांनी चहा मागवला, आणि तो चहा आम्हाला प्यावा लागला.

घरी येताना कृष्णराव एवढंच म्हणाला की गावात मळणीचा थ्रेशर एकच आहे आणि तो त्यांचा आहे. हे मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं, जाऊ दे, नको. रात्री जेवताना त्याने सगळी हकीकत माधवीला सांगितली. माधवीचं माहेर बदनावरकडचं, मंडीत धान्याचा धंदा असलेलं घर. बोलते कमी. तिने सगळं ऐकलं, पोळीवर तूप घातलं आणि म्हणाली, "दगड तर करायला टाका. जागेचं मग बघू."

नालछ्याच्या कडेला भेरूलाल म्हणून एक पाथरवट आहे. पाटे-वरवंटे, देवळाच्या पायऱ्या, कधीमधी चिरे, असं सगळं करतो. ऋतिकाने मला स्कूटीवर मागे बसवून नेलं. मी त्याला वडिलांची सगळी गोष्ट सांगितली. बोट, भट्टी, फावडं, बार, पाणी. ऋतिकाने मोबाइलवर जुन्या बोटींची चित्रं दाखवली. त्याने चष्मा वर करून, खाली करून पाहिली, मान हलवली आणि दगड घडवायला लागतो म्हणाला. काळा दगड होता, कमरेएवढा, एका अंगाने थोडा निमुळता.

आठवड्याने आम्ही पाहायला गेलो, तेव्हा दगडावर घोडा होता.

नेहमीसारखाच घोडा, मान वाकवलेला, एक पाय उचललेला. फक्त त्याच्या पोटाखाली जमीन नव्हती. आडव्या लाटा होत्या आणि त्यांत दोन मासे. वर बसलेल्या माणसाच्या हातात भाल्याच्या जागी फावडं. बोट कुठेच नव्हती.

ऋतिका तोंडावर हात धरून हसू लागली आणि हसता हसता तिने फोटो काढला. मला पहिल्यांदा रागच आला. एवढं सगळं सांगून याने हे केलं. मी भेरूलालला विचारलं, बाबा रे, समुद्रात घोडा कुठून आला.

भेरूलाल जराही ओशाळला नाही. "घोडो नी वे तो चीरो कायको, मांजी?" तो म्हणाला. म्हणजे घोडा नसेल तर चिरा कसला. बोट त्याने कधी पाहिली नव्हती, चित्रातली त्याला नीट उमगली नव्हती. घोडा त्याला येत होता. म्हणून त्याने घोडाच पाण्यात उतरवला होता.

कोरलेला दगड पुसता येत नाही. मी जवळ जाऊन त्या माणसाच्या तोंडावरून हात फिरवला. मिशा होत्या. वडिलांना होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही. पण त्या दगडाकडे बघता बघता माझा राग गेला आणि मला उदाजीच्या ओसरीवरचं हसू आठवलं. मी ऋतिकाला म्हटलं, बसवलं बघ कुणीतरी घोड्यावर.

इकडे थ्रेशर आमच्या बांधावरून रोज जायचा. उदाजीरावांचा मुलगा यशराज ट्रॅक्टर चालवायचा. डावीकडच्या शेतात थांबायचा, उजवीकडच्या शेतात थांबायचा. आमच्या समोर आला की पुढे बघून गाडी हाणायचा. पियुष एकदा आडवा जाऊन विचारायला निघाला होता, "भिया, अपना नंबर कधी?" म्हणून. कृष्णरावने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. त्या दुपारी आभाळ खरंच फुटलं. ढिगांवर तिरपाल टाकायला चौघं धावली, वाऱ्याने तिरपाल हातातून सुटायचं, आणि माधवी त्याच्या कोपऱ्यावर आडवी पडून राहिली तेव्हा कुठे दगड ठेवता आले. तरी एक ढीग भिजला. शेंगा तडकून काही दाणे काळे पडले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काठ्यांनी झोडायला सुरुवात केली. अंगणात तिरपाल पसरायचं, वर वाळवलेलं पीक टाकायचं आणि दोघं या बाजूने, दोघं त्या बाजूने झोडायचं. धूळ अशी की नाकातोंडाला फडकं बांधूनही चौघं खोकत राहायची. त्या धुळीची खाज अंघोळीनेही जात नाही. ऋतिकाच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, तिने चिंध्या गुंडाळल्या. मी सुपाने वारवायची. आमच्या लहानपणी हेच काम असं व्हायचं, त्यामुळे मला त्या आवाजाचं बरंच वाटत होतं, पण तसं बोलायची सोय नव्हती. मी कृष्णरावला पुन्हा म्हटलं, जाऊन सांग की आमची मागणी नाही. तो झोडता झोडता म्हणाला, "आत्याबाई, दगड झालाय आता." एवढंच. पण खाली बघत नव्हता.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिरा आणायचं ठरलं. ओट्यावर जागा नव्हती, तरी तो पाथरवटाकडे पडून राहू द्यायचा नाही, आमच्या अंगणात तरी उभा करायचा, असं माधवीने ठरवलं.

चिरा गाडीवर आणत नाहीत. कुळातल्या माणसांनीच खांद्यावर आणायचा असतो, आणि वाटेत जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला तर तिथेच त्याची जागा. आमच्या वाटेवर बाभळीखाली एक चिरा एकटाच उभा आहे. कुणाचा ते कुणाला माहीत नाही, पण तो असा टेकलेला आहे एवढं सगळे जाणतात. कुळातले बाकीचे खांदे उदाजीरावांना विचारून हलणार होते. आमच्याकडे कृष्णराव आणि पियुष. मागचे दोन खांदे माधवी आणि ऋतिकाने दिले. बायकांनी चिरा उचलल्याचं मी ऐकलं नव्हतं. उचलू नये असंही कुणी सांगितलेलं नव्हतं.

दोन बांबूंना दोर बांधून मधे दगड आडवा टांगला. दम खायला दुबेळक्या, म्हणजे वर फाटा असलेल्या, काठ्या घेतल्या होत्या. त्या बांबूंखाली उभ्या रोवायच्या, म्हणजे खांदे मोकळे होतात आणि दगड टांगलेलाच राहतो. मी रिकाम्या हातांनी मागून चालत होते. थोडं चाललं की थांबायचं, काठ्या लावायच्या. ऋतिका उंचीने कमी, म्हणून तिने खांद्यावर पोतं घडी करून ठेवलं होतं. ते घसरलं की पियुष ओरडायचा आणि ती म्हणायची, "तूच ये ना मागे, पहलवान." माधवीच्या मानेची शीर दोरासारखी वर आली होती.

गावाच्या अलीकडे नाला आहे. त्याच्यावर पूल नाही, नुसता रपटा, सिमेंटचा सपाट पट्टा. वर कुठेतरी जोराचा पाऊस झालेला असणार, कारण रपट्यावरून गढूळ पाणी चाललं होतं, गुडघ्याला लागेल इतकं. पलीकडे यशराजचा ट्रॅक्टर मागे थ्रेशर लावून उभा होता, पाणी ओसरायची वाट बघत. उदाजीराव मडगार्डवर बसले होते. बरोबर मशीनवरचे दोन गडी.

थांबायची सोय नव्हती. अलीकडे नुसता चिखल, त्यात काठ्या उभ्या राहिनात. कृष्णरावने मागे वळून माधवीकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि ते पाण्यात उतरले. आधारासाठी मी एका हाताने दोर धरला होता. अर्ध्यापर्यंत ठीक गेले. मग माधवीचा पाय रपट्याच्या कडेवरून सरकला आणि ती गळ्याइतक्या पाण्यात गेली. बांबू खाली आला. दगडाचा एक कोपरा पाण्यात बुडाला.

यशराज कधी उतरला ते मी पाहिलं नाही. तो पाण्यातून धावत आला आणि माधवीच्या जागी बांबूखाली खांदा घातला. दगड वर आला. माधवी पाण्यातच राहिली, दोन्ही हातांनी रपट्याची कड धरून; तिच्या पायांना तळ लागत नव्हता.

गड्यांपैकी एकजण काठावरून म्हणाला, टेक गया.

पियुष म्हणाला नाही टेकला. गडी म्हणाला टेकला, मी बघितलं. सगळे उदाजीरावांकडे बघत होते, कारण असं काही झालं तर वडीलधाऱ्याने बोलायचं असतं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर वडील कायमचे त्या नाल्यात राहिले असते. एखाद्या मोठ्या पुरात नाला त्यांना घेऊनही गेला असता.

तेव्हा कृष्णराव बोलला. आजवर मी त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. "काकासाहेब, टेकला असेल तर इथेच उभा करू. पण आता बोला. आमचे खांदे राहिले नाहीत."

उदाजीराव मडगार्डवरून उतरले. धोतर वर खोचलं, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि काठी टेकत पाण्यात आले. त्यांचा एक गुडघा धड नाही. सावकाश आले. माधवी जिथे घसरली होती तिथे येऊन थांबले आणि दगडाचा कोपरा जिथे बुडाला होता तिथे काठी खाली सोडली. काठी रपट्याच्या कडेवरून आत गेली, मनगटापर्यंत हात पाण्यात गेला, तरी तिला खाली काही लागलं नाही. त्यांनी दुसऱ्या जागी घालून पाहिली. तिथेही नाही. मग ते सरळ झाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी तो दगड जवळून पाहिला. घोडा, मासे, फावडं. पाहत राहिले.

"इथे तळ नाही," ते म्हणाले. "पाण्याला टेकला, जमिनीला नाही. पाण्याची काकांना सवय आहे. चला, आणा वर."

मग त्यांनी माधवीला हात दिला. ती वर आली. तिच्या पायातलं एक पैंजण पाण्यात गेलं होतं, ते तिला घरी आल्यावर कळलं.

पुढे उदाजीराव काठी आपटत वाट दाखवत चालले, मागे चिरा, त्याच्या मागे मी. एक गडी ट्रॅक्टर घेऊन मागून आला. आमच्या अंगणाकडे वळायचं त्या ठिकाणी पियुष वळू लागला, तर उदाजीराव न थांबता सरळ ओट्याकडे गेले. तिथे पोचल्यावर त्यांनी यशराजकडे बघून ओट्याच्या टोकाला काठीने खूण केली. यशराजने घरून छिन्नी-हातोडा आणला आणि नवं सिमेंट फोडायला बसला. तो खाच करीपर्यंत खांदे बदलत दगड धरून ठेवावा लागला. तोवर आणखी दोन घरची माणसं येऊन उभी राहिली होती, त्यांनीही खांदे दिले. ऋतिका ओट्यावर बसून आपले तळहात बघत होती.

चतुर्दशीला सगळे चिरे बसले. थ्रेशर सकाळीच आमच्या शेतात गेला होता. झोडायचं राहिलेलं पीक तासाभरात निघालं, आणि यशराज पियुषला म्हणाला की भिया, आधी बोलला असतास तर. पियुष त्याच्याकडे बघत राहिला, मग दोघं हसली.

शेंदूर कृष्णरावने लावला. तेल मला घालायला सांगितलं, म्हणून मी घातलं. दिलेल्या घरच्या बाईने ते करावं की नाही यावर कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, पण उदाजीराव दुसरीकडे बघत होते. शेवटी ओळीतल्या प्रत्येक घोड्यापुढे भिजवलेले चणे ठेवायचे असतात. परात यशराजच्या हातात होती आणि उदाजीराव एकेक मूठ घेऊन वाकून ठेवत येत होते. वाकताना त्यांचा गुडघा कुरकुरत होता तो मला ऐकू येत होता.

टोकाशी आले. त्यांनी एक मूठ ठेवली, उठू लागले आणि परत वाकले.

"आण इकडे परात," ते यशराजला म्हणाले. "ह्याला जरा जास्त घालू. लांबून आलाय."